'द सीक्रेट कॉमनवेल्थ' वाचून मन खट्टू झालं. तिसरा भाग वाचू का?

मुठाकाठ

(खाली सगळे तपशील फोडले आहेत. पहिली तीन पुस्तकं वाचली नसतील तर कृपया इथेच थांबा, ती वाचा, मग या.)

फिलिप पुलमनच्या 'द बुक ऑफ डस्ट'चा तिसरा आणि शेवटचा भाग, 'द रोझ फील्ड', २०२५च्या ऑक्टोबरात आला. लेकीनं लगेच मागवून माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून तो पलंगाशेजारच्या स्टुलावर आहे. रात्री त्याच्यावर चष्मा काढून ठेवते, सकाळी उचलते. पुस्तक अजून उघडलेलं नाही. कारण दुसरा भाग, 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'. तो २०१९ साली आला तेव्हाच वाचला होता आणि इतकी वर्षं त्याबद्दल कुणाशी नीट बोललेच नाही. आज लिहून टाकते.

माझी या पुस्तकांशी गाठ पडली २००२ साली. डेक्कनला फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग लावलेला असायचा, त्यात पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स', लायराच्या गोष्टीचं पहिलं पुस्तक, मिळालं. मूळ पुस्तक १९९५चं. नोकरीला लागून वर्षच झालं होतं, लहान मुलांची पुस्तकं वाचायचं वय उलटून गेलं होतं, पण पहिल्या प्रकरणात कपाटात लपलेली लायरा नावाची मुलगी आणि तिच्याशी कुजबुजत भांडणारा तिचा डीमन पॅन भेटले आणि मी बसमध्ये माझा थांबा सोडून पुढे गेले. मग 'द सटल नाइफ' (१९९७) आणि 'द अँबर स्पायग्लास' (२०००) मिळवून वाचली.

लेक आठ वर्षांची झाल्यावर तिला रोज रात्री वाचून दाखवायला लागले. इंग्रजीतून बघायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं. पहिली अडचण आली ती 'डीमन' या शब्दाची. राक्षस म्हटलं तर सगळंच चुकलं असतं. शेवटी म्हटलं, गोष्टीतल्या राक्षसाचा जीव कसा लांब कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा या माणसांचा जीव शरीराबाहेर असतो, जनावराच्या रूपात. फक्त तो लपवलेला नसतो, चोवीस तास सोबत असतो, बोलतो, रुसतो, चुकलं तर सांगतो. लहानपणी क्षणाक्षणाला रूप बदलतो आणि वयात आल्यावर एका रूपात ठरतो. तिला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर म्हणाली, आई, माझा आज दिवसभर चिमणी होता, गणिताच्या तासाला कासव झाला.

'नॉर्दर्न लाइट्स'मधला तो मुलगा आठवतो? ज्याचा डीमन कापून काढलाय आणि जो मासे वाळवायच्या झोपडीत एक सुका मासा छातीशी धरून बसलाय? ते पान मला मोठ्याने वाचता आलं नाही. लेक म्हणाली, त्याला दुसरं जनावर नाही का देता येणार? मग तो मरतो, कुणीतरी तो मासा कुत्र्यांना टाकतं, लायरा संतापते, आणि एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून त्याच्या तोंडात ठेवते. त्या रात्री आम्ही दोघी दिवा चालू ठेवून झोपलो.

२०१७ला 'द बुक ऑफ डस्ट'चा पहिला भाग, 'ला बेल सोव्हाज', आला. लायरा तान्ही आहे आणि अकरा वर्षांचा माल्कम तिला आपल्या होडीत घालून महापुरातून नेतो. लेकही तेव्हा अकराची होती. माझी आई मटार सोलत शेजारी बसायची. पुराची पानं सुरू झाली तसे तिचे हात थांबले. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, ती नऊ वर्षांची, नारायण पेठेत राहणारी. पाणी आधी वास घेऊन येतं, हे त्यानं बरोब्बर लिहिलंय का बघ, असं मला म्हणाली. तिला कथेतलं जादूचं काही ठाऊक नव्हतं, पण त्या पोराच्या होडीची तिला शेवटपर्यंत काळजी होती. पुढचा भाग कधी, हे तिनेच दोनदा विचारलं.

आणि मग पुढचा भाग आला.

लायरा वीस वर्षांची. ऑक्सफर्डला शिकते. तिचं आणि पॅनचं पटत नाही. का, तर तिने दोन लेखकांची पुस्तकं डोक्यात घेतलीत. जगात दिसतं तेवढंच आहे, बाकी सगळं थोतांड, अशा अर्थाची. पॅनला ती कोरडी वाटायला लागते. एका रात्री तो एकटाच बाहेर असताना नदीकाठी खून पाहतो. शेवटी चिठ्ठी ठेवून निघून जातो, तुझी कल्पनाशक्ती शोधायला चाललोय म्हणून. इथवर मी श्वास रोखून वाचत होते. याहून भारी सुरुवात कुठली असणार?

पण त्यानंतर जवळपास सातशे पानांचं पुस्तक संपेपर्यंत पॅन एकीकडे चालतोय, लायरा दुसरीकडे चालतेय, माल्कम तिसरीकडे. प्राग, कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना, अलेप्पो. प्रत्येक गावात एक नवा माणूस भेटतो, आपली कहाणी सांगतो, पुढचा पत्ता देतो. लायराची कल्पनाशक्ती हरवली हे मान्य, पण ती हरवल्याचं दाखवता दाखवता पुस्तकाचीच हरवली असं मला वाटलं. जी मुलगी थापा मारून अस्वलांच्या राजाला फसवते, ती इथे सातशे पानं नुसती ऐकून घेते.

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्या पुस्तकांत माणूस आणि डीमन तोडणं म्हणजे मरण होतं. चेटकिणींना ते जमायचं, पण त्यांना त्याची भयंकर किंमत मोजावी लागायची. लायरा आणि तिचा मित्र विल यांनी मेलेल्यांच्या प्रदेशात जाताना ती किंमत दिली, आणि काठावर पॅनला मागे ठेवून ती होडीत बसते ते पान अजूनही मला वाचवत नाही. आता या भागात कळतं की अशी तुटलेली माणसं ठिकठिकाणी आहेत, लपूनछपून राहतात, एकमेकांना ओळखतात. डीमन विकणारेसुद्धा आहेत. मग त्या सुक्या माशाचं काय? ज्या एका नियमावर सगळी इमारत उभी होती तोच सैल करून टाकला.

माल्कमबद्दल काय लिहू! तान्ही असताना जिला होडीतून वाचवली, पुढे जिला शिकवलं, तिच्यावरच याचं प्रेम. आईला मी हे सांगितलंच नाही. तिच्या डोक्यात तो मटार सोलताना भेटलेला पोरगाच राहू दे.

आणि आगगाडीत सैनिक लायरावर हल्ला करतात तो प्रसंग. लेकीला ते पुस्तक तेव्हा दिलं नाही ते त्यासाठीच. तेरा वर्षांची होती. कपाटात वरच्या खणात, जुन्या साड्यांमागे ठेवून दिलं.

शेवटी पुस्तक चक्क मधेच थांबतं. लायरा वाळवंटाच्या वाटेवर, पॅन सापडलेला नाही, आणि 'पुढील भागी समाप्त'.

तर प्रश्न एवढाच. तिसरा वाचू का? ज्यांनी वाचलाय त्यांनी काय घडतं ते सांगू नका. लायरा परत भेटते का, तेवढंच सांगा.

जुनापुस्तकवाला

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी तर निम्म्यात ठेवून दिलं होतं, नंतर आजारपणात सक्तीने घरी बसलो तेव्हा पूर्ण केलं.

मधला भाग म्हणून सूट द्यावी असं बरेच जण म्हणतात. मधल्या भागात गोष्ट सुरूही होत नाही, संपतही नाही. पण याच लेखकाने मधला भाग कसा लिहायचा ते आधी दाखवून दिलंय की! 'द सटल नाइफ' काढून बघा. लायरा कुठे आहे याची उत्सुकता ताणलेली असताना तो आपल्याला आपल्याच जगातल्या ऑक्सफर्डला नेतो. विल नावाचा मुलगा, घरात घुसलेली माणसं, आजारी आई. रस्त्याच्या कडेला झाडांखाली एक मांजर हवेत पंजा मारते आणि दिसेनाशी होते. तिथे दुसऱ्या जगात जायची खिडकी आहे. विल तिच्यातून पलीकडे जातो आणि मुलांचं राज्य असलेल्या ओसाड शहरात लायराला भेटतो. इतक्या थोड्या पानांत नवा नायक, नवं जग, नवं शस्त्र, नवी भीती! मांजर, झाड आणि हवेतली चौकट, बस.

'सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये अशी एकही चौकट मला सापडली नाही. खिडक्या बंद झाल्यात हे मान्य, 'अँबर स्पायग्लास'च्या शेवटी त्या बंद करणं हाच तर सगळ्या गोष्टीचा प्राण आहे. पण मग समांतर जगाची गोष्ट उरते कशात? लायराचं जग आता जवळजवळ आपलंच झालंय. मोठी औषध कंपनी, निर्वासितांच्या होड्या, सीमेवरची तपासणी. पूर्वी ते जग आपल्यापेक्षा जरा तिरकं होतं. विजेला वेगळं नाव होतं, चर्चची सत्ता होती, उत्तरेला चिलखत घातलेली अस्वलं होती. त्या तिरकेपणातून आपलं जग जास्त नीट दिसायचं.

रानजाई

+१. आगगाडीतल्या प्रसंगाबद्दल तर हजारदा +१. मी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.

वेताळटेकडी

धागा वाचून जुन्या गोष्टीची आठवण झाली. समांतर जगाची आपल्या पुण्याची गोष्ट म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. नारळीकर सर २० मे २०२५ला गेले, तेव्हा मी ती पुन्हा वाचली. टेकडीवर फिरायला जातो तेव्हा विद्यापीठाच्या बाजूला बघून त्यांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची आठवण येतेच, आणि त्या दिवशी तर जास्तच आली.

त्यात काय आहे बघा. गंगाधरपंत इतिहासाचे अभ्यासक, पुण्याहून गाडीने मुंबईला निघतात आणि पोचतात ते वेगळ्याच मुंबईत. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. का? तर १७६१ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली. एवढाच फरक. एका गोळीच्या वाटेत झालेला जराचा बदल, आणि मग सगळा हिंदुस्थान बदललेला. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटलेलं पान उरलेलं असतं, बाकी काही नाही. शाळकरी वयात वाचली तेव्हा ते पान मला स्वतःच्या हातात आहे असं वाटलं होतं.

मुठाकाठ, तुम्ही 'नियम सैल केला' म्हणालात ना, तो मुद्दा मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नारळीकर एक गोष्ट बदलतात आणि बाकी काहीही हलवत नाहीत. वाचणाऱ्याला पाय टेकवायला जमीन मिळते. पुलमनने आधीच्या तीन पुस्तकांत तेच केलं होतं. माणसाचा जीव बाहेर आहे, आणि तो तोडता येत नाही. ही एक गोष्ट धरून त्याने चर्च, विज्ञान, बालपण, मृत्यू असं सगळं पेललं. चौथ्या-पाचव्या पुस्तकात येऊन तो म्हणतो, तोडता येतो, बरेच जण तसे जगतात. म्हणजे विश्वासरावांना गोळी लागली आणि नाहीही लागली. मग पानिपताचं काय करायचं?

चांदणवेल

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यांत लहान असेन. एकवीस वर्षांची आहे, कर्वे रोडला कॉट बेसिसवर राहते, मूळ गाव लातूरजवळ. इतकं मोठं मराठीत पहिल्यांदाच लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

मला हे पुस्तक आवडलं. खूप आवडलं. तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत. माल्कमचं मलाही पटलं नाही, आगगाडीतलं मी डोळे मिटून पुढे ढकललं. तरीही.

बारावीपर्यंत मी भरपूर वाचायचे. गोष्टी लिहायचे. पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं एकही ओळ लिहिली नाही. वर्गातली मुलं हुशार, फाडफाड इंग्रजी बोलणारी, कशावरही विश्वास ठेवणं म्हणजे बावळटपणा असं समजणारी. मीही तशीच बोलायला शिकले. देव, भुतं, आजीच्या गोष्टी, कविता, सगळ्याला नाक मुरडायचं. त्याने मान मिळायचा. रात्री खोलीत आल्यावर मात्र कुणीतरी आपल्याशी बोलायचं थांबलंय असं वाटायचं. घरचे विचारायचे काय झालंय, आणि मला सांगता यायचं नाही कारण झालं काहीच नव्हतं.

त्या दिवसांत मैत्रिणीने हे पुस्तक दिलं. पहिली तीन मी शाळेत वाचली होती. लायरा आणि पॅन एका खोलीत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, हे वाचून मी रात्री दीड वाजता गॅलरीत जाऊन रडले. माझी अवस्था कुणीतरी लिहून ठेवली होती, तीही इतक्या लांबच्या म्हाताऱ्या माणसाने.

ताई, तुम्ही म्हणता लायरा सातशे पानं नुसती ऐकून घेते. मला वाटतं ती बरी होतेय. ज्याचं स्वतःशी बोलणं थांबलंय तो थापा मारू शकत नाही. थाप मारायलासुद्धा आतून कुणीतरी साथ द्यावी लागते. तिला आधी दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकायला लागतात. प्रागमधला तो जळणारा माणूस आठवतोय का? ज्याचं अंग निखाऱ्यासारखं तापलेलं, आणि जो आपल्या डीमनला शोधतोय, जी पाण्याची आहे? लायरा त्याला तिच्यापर्यंत नेते. ती दोघं भेटतात आणि भेटल्या क्षणी संपतात. ते प्रकरण वाचून मी पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिले. त्याच्यात काही सिद्ध करायचं नाही, काही समजावायचं नाही. त्या दोघांना भेटायचं होतं, ती भेटली.

आणि तुटलेली माणसं बरीच आहेत हे वाचून मला धीर आला. मला वाटायचं मी एकटीच आहे.

लातूरला परत गेले तेव्हा आजीला म्हटलं, ती मुंज्याची गोष्ट सांग. तिने सांगितली. मी मध्ये बोलले नाही.

निळीशाई

चांदणवेल, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. वाचनखूण साठवली आहे. आणखी लिही.

मुठाकाठ, तुमचं दुःख वेगळ्या बाजूने मला कळतं. आपण मराठी वाचक ज्या मालिकांवर वाढलो त्यांतले नायक मोठेच झाले नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून विद्याभवनात आला आणि तिथेच राहिला. सायकल तीच, 'टॉक्क' तेच, वय तेच. आम्ही चाळिशीला आलो, तो अजून शाळेत आहे, आणि आम्हाला ते हवं असतं. २०१७ला सिनेमात त्याला मोठा केला तेव्हा माझ्या भावाने तो बघायलाच नकार दिला होता. माझा बन्या मोठा झाला नाही, म्हणाला.

लायराला लेखकाने मोठं केलं, तेही एकदम. 'अँबर स्पायग्लास'ला ती बारा-तेरा वर्षांची आणि इथे वीस. आपल्याला मधली सात वर्षं फारशी बघायला मिळाली नाहीत. शेजारच्यांची मुलगी बाहेरगावी शिकायला जाते आणि एकदम एखाद्या लग्नात भेटते, ओळखू येत नाही, तसं झालं माझं. राग तिचा नसतो, मधली वर्षं हुकल्याचा असतो.

जुनापुस्तकवाला

चांदणवेल, तू लिहिलेल्या जळत्या माणसाच्या प्रकरणाबद्दल पूर्ण सहमत. ते एक प्रकरण सुटं काढलं तर उत्तम कथा आहे. स्मर्नातली ती म्हातारी राजकन्या, जिचा डीमन एका नर्तकीच्या प्रेमात पडून निघून गेला, तीही तशीच. माझी तक्रार हीच आहे की ही माणसं येतात, मन हलवून जातात आणि पुढे त्यांचं काही होत नाही. सुटे मणी सुंदर आहेत, पण मला ओवलेली माळ हवी होती.

फळाखडू

माल्कमबद्दल कुणी सविस्तर लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. मी सव्वीस वर्षं शिकवतेय, त्यातली एकोणीस कॉलेजात.

वयाचं अंतर हा माझा मुद्दा नाही. वीस आणि एकतीस या वयांची माणसं प्रेमात पडतात, लग्नं करतात, सुखाने राहतात. माझा मुद्दा शिक्षकाचा आहे. तो तिला शिकवत होता तेव्हा ती शाळकरी मुलगी होती, आणि पुस्तक सुचवतं की ते आकर्षण त्याला तेव्हापासून कुठेतरी जाणवत होतं. तो ते दाबतो, स्वतःला दोष देतो, हे सगळं आहे. पण पुस्तकातली बाकीची चांगली माणसं त्याला समजून घेतात आणि लेखकही घेतो. मी तसं समजून घेऊ शकत नाही. वर्गातल्या मुलीने आपल्यावर जो विश्वास टाकलेला असतो तो तिच्या नकळत टाकलेला असतो. ती पुढे कितीही मोठी झाली तरी त्याचा हिशोब उलटा करता येत नाही.

पुलमन स्वतः ऑक्सफर्डला शाळेत शिकवत होता, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना. म्हणून तर त्याला त्या वयाची मुलं इतकी आतून कळली. त्याच माणसाने हे लिहावं याचं मला जास्त वाईट वाटलं. 'ला बेल सोव्हाज'मधला माल्कम माझ्या आवडत्या मुलांपैकी एक आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून सुतारकाम करणारा, विचारलं तर बरोबर उत्तर देणारा. त्याचं असं व्हायला नको होतं.

रानजाई

फळाखडू, धन्यवाद. हेच म्हणायचं होतं, जमत नव्हतं.

एकटाप्रवासी

२०२२च्या उन्हाळ्यात कामासाठी इंग्लंडला गेलो होतो. एक दिवस काढून ऑक्सफर्डला गेलो, फक्त एका बाकासाठी. ज्यांनी 'अँबर स्पायग्लास' वाचलंय त्यांना कुठला बाक ते सांगायला नको. लायरा आणि विल ठरवतात ना, दरवर्षी उन्हाळ्याच्या मध्यावर, दुपारी बाराला, आपापल्या जगात, बोटॅनिक गार्डनमधल्या त्याच बाकावर तासभर बसायचं.

बाग पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनपेक्षा बरीच लहान आहे, पण जुनी, १६२१ची. बाक अगदी मागच्या बाजूला. साधा लाकडी. लोकांनी किल्लीने, पिनेने दोघांची नावं खरवडून ठेवलीत, काही पुसट झालीत. मागे पॅन आणि विलची डीमन किरजाव्हा यांचं धातूचं शिल्प आहे. बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. मी जरा दूर उभा राहिलो तर बाई उठल्या, नवऱ्याला उठवलं आणि हाताने मला बस म्हणाल्या. त्यांना कळलं होतं मी कशासाठी आलोय. मी वीस मिनिटं बसलो, बाकाच्या एका बाजूला सरकून, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

मला 'सीक्रेट कॉमनवेल्थ'ची निराशा इथे झाली. ज्या माणसांनी एकमेकांना कायमचं गमावलंय, त्यांची पुढची गोष्ट सांगायची तर ते गमावणं प्रत्येक पानाखाली वाहत राहिलं पाहिजे. लायराला विल आठवतो, नाही असं नाही. पण माझ्यासारख्या वाचकाला त्या बाकाची रिकामी बाजू सातशे पानांत पुरेशी जाणवली नाही.

मुठाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी तिसरा वाचलाय. तुम्ही विचारलंत म्हणून काही सांगत नाही. वाचा.

वेताळटेकडी

एकटाप्रवासी, बाकाचं वाचून शहारा आला.

चांदणवेलचा प्रतिसाद वाचून मी माझ्या नियमाच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. ती म्हणते, तुटलेले बरेच आहेत हे वाचून धीर आला. आधीच्या पुस्तकांत तुटणं म्हणजे कुणीतरी केलेला गुन्हा होता, पातं, यंत्र, प्रयोगशाळा. इथे ते माणसांचं आपोआप होतं, भांडणातून, दुःखातून, गरिबीतून. म्हणजे नियम मोडला असं न म्हणता, लहानपणी जे अशक्य वाटतं ते मोठेपणी घडतं, असंही वाचता येईल. माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. गोष्ट म्हणून मला अजूनही ते सैलच वाटतं. पण परवा जेवढ्या ठामपणे लिहिलं तेवढ्या ठामपणे आज लिहिणार नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरी एक गोष्ट झाली.

चांदणवेल, तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. आता एकोणीसची आहे, दुसऱ्या वर्षाला. 'प्रागमधला जळणारा माणूस' आला आणि ती म्हणाली, ते माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. मी म्हटलं, तू कधी वाचलंस? मग कळलं. दहावीच्या सुट्टीत तिने साड्यांमागून पुस्तक काढलं होतं. मी ऑफिसला गेल्यावर वाचायची आणि मी यायच्या आत घडी न मोडता परत ठेवायची. तीन आठवडे. आगगाडीतलं पान वाचून दोन रात्री झोपली नव्हती. मला आठवलं, त्या दिवसांत ती माझ्याजवळ येऊन झोपायची, आणि मी समजले निकालाची भीती आहे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू ते लपवलं होतंस, मग मी वाचलं हे तुला कसं सांगू? आणि तुला ते आवडलं नव्हतं. मला आवडलं होतं. आपण सगळी पुस्तकं एकत्र वाचली, मग मला एकटीला आवडलेलं पुस्तक मी कुठे ठेवू?

यावर मला काही बोलता आलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीपासून ते पान दूर ठेवलं यात मी चुकले असं आजही वाटत नाही. पण ती सोळाची झाल्यावर स्वतः हातात द्यायला हवं होतं, आणि शेजारी बसायला हवं होतं. ते राहून गेलं. तिसरा भाग आल्या आल्या तिने तो का मागवला, हेही मला आत्ता कळलं. आपण दोघींनी त्याबद्दल बोलावं म्हणून ती तीन महिने वाट बघत होती आणि मी त्याच्यावर चष्मा ठेवत होते.

पुस्तकाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. माल्कम मला नकोच आहे, फळाखडूंनी लिहिलेल्या प्रत्येक शब्दासकट. मधली दोनशे पानं कमी व्हायला हवी होती. सुक्या माशाशी प्रतारणा झाली असं मला अजून वाटतं. लेकीशी या एका मुद्द्यावर परवा रात्री साडेबारापर्यंत भांडले. ती म्हणते त्या मुलाला जबरदस्तीने तोडलं होतं आणि लायरा-पॅन एकमेकांना कंटाळले होते, दोन्ही एकच कसं असेल? वेताळटेकडी, ती तुमच्या बाजूला आहे, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रतिसादाच्या.

आजपासून 'द रोझ फील्ड' सुरू करतोय. जेवणं झाल्यावर रोज एक प्रकरण. या वेळी ती वाचणार आणि मराठीत सांगणार, मी ऐकणार. आई पण बसणार आहे, तिला आम्ही फक्त एवढंच सांगितलंय की होडीतला तो पोरगा आता मोठा झालाय. तिने विचारलं, पोहायला शिकला का?

लेकीची अट आहे, मध्ये थांबवायचं नाही आणि पान गाळायचं नाही. ज्यांचं वाचून झालंय त्यांना विनंती, महिनाभर तरी इथे तिसऱ्या भागातलं काही लिहू नका. आमचं संपलं की मीच धागा वर काढेन.